दुसऱ्या मुलाखतीची धडधड

प्रश्न : मी परंडा तालुक्यातली आहे. वय २४, बी. कॉम. झालं आहे. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज केला होता. पहिली मुलाखत मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं झाली आणि बरी गेली. आता दुसऱ्या फेरीसाठी पुण्याला समोरासमोर बोलावलं आहे. तो फोन आल्यापासून छातीत धडधडतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, जेवण जात नाही, पोटात गोळा येतो, हात गार पडतात. पहिल्या वेळी एवढं झालं नव्हतं. मैत्रिणीनं धडधड थांबवायची एक गोळी सुचवली आहे. घेऊ का?

उत्तर : गोळी घेऊ नका. का घेऊ नका ते पुढे सविस्तर सांगते. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारी मुलंमुली दवाखान्यात वरचेवर भेटतात. कुणाची बँकेची मुलाखत असते, कुणाची राज्यसेवेची, कुणाची चाकणच्या कारखान्यातली. त्यामुळे हे उत्तर तुम्हाला आहे आणि त्या सगळ्यांनाही.

शरीरात नेमकं काय होतं

तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं एकाच कारणाची आहेत. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरतं. धोका सापाचा असो की साहेबांच्या प्रश्नांचा, शरीराची तयारी तीच. हृदय जोरात चालतं, म्हणून धडधड. रक्त पोट आणि कातडीकडून स्नायूंकडे वळतं, म्हणून भूक मरते, पोटात गोळा येतो, हात गार पडतात. तोंड कोरडं पडतं, तळव्यांना घाम येतो, लघवीला सारखं जावंसं वाटतं. यातलं एकही लक्षण हृदय कमजोर असल्याचं किंवा तुम्ही घाबरट असल्याचं नाही. निरोगी शरीर असंच वागतं.

मुलाखतीची भीती इतकी सार्वत्रिक आहे की शास्त्रज्ञांनी तिचा मोजमापासाठी उपयोग केला. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ताण मोजण्याची एक चाचणी मांडली. माणसाला प्रयोगशाळेत बोलवायचं, थोडा वेळ तयारीला द्यायचा आणि नोकरीसाठी आलेला उमेदवार म्हणून परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावायचं. मग आणखी पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या. परीक्षकांना सक्त सूचना असते की मान हलवायची नाही, हसायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्यानं बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चांगलंच वाढतं. नोकरी खोटी आहे हे ठाऊक असूनही वाढतं. तुमची तर खरी आहे.

यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. समोरच्यांचे कोरे चेहरे पाहून उमेदवार घाबरतो आणि मनात धरून बसतो की आपलं उत्तर पडलं. प्रत्यक्षात दिवसभरात दहा-पंधरा जणांना तेच प्रश्न विचारून माणसाचा चेहरा आपोआप कोरा होतो. त्यावरून स्वतःचा निकाल लावू नका.

दुसऱ्या वेळी जास्त का?

याच संशोधकांनी १९९५ मध्ये २० निरोगी पुरुषांना ही चाचणी लागोपाठ पाच दिवस द्यायला लावली. १३ जणांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासून फारसं चढलं नाही. प्रसंग ओळखीचा झाला होता. उरलेल्या सात जणांचं मात्र दर वेळी चढतच राहिलं. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. सवयीनं कॉर्टिसॉल उतरलं तरी हृदयाचे ठोके दर वेळी पहिल्याइतकेच वाढतात. म्हणजे सरावानं आतला ताण बऱ्याच जणांचा उतरतो, पण छाती धडधडायची ती धडधडतेच. दुसऱ्या फेरीला जाताना हे माहीत असलं पाहिजे. नाहीतर दारात ठोके वाढले की वाटतं, एवढी तयारी करूनही काही उपयोग नाही झाला. उपयोग झालेला असतो. ठोक्यांवरून तयारी मोजायची नसते.

आणि तुमच्या बाबतीत दुसरी फेरी ओळखीची तरी कुठे आहे? पहिली घरात, स्वतःच्या खोलीत, मोबाइलसमोर झाली. तेव्हा आशाही बेताची होती. आता हाताशी आलेलं जाईल ही भीती आहे. गावात चार जणांना कळलं आहे. आपल्याकडे अशी बातमी लपत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुरात परंडा तालुक्यातली कितीतरी रानं खरवडून गेली. अशा घरातली मुलगी मुलाखतीला निघते तेव्हा तिच्याबरोबर सोसायटीचं कर्ज आणि धाकट्या भावाची फीही निघते. तुमच्या घरचं मला माहीत नाही. पण दवाखान्यात येणाऱ्या मुलांशी जरा बोललं की त्यांची खरी झोप कशानं उडाली आहे ते कळतं. प्रश्नांची भीती थोडी असते, घरच्या अपेक्षांचं ओझं जास्त असतं.

म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा : धडधड येणार, तिला येऊ द्या. तिच्यावर भूक, जागरण, प्रवासाची दमणूक आणि घरातले न सुटलेले प्रश्न यांचं ओझं चढवू नका. धडधड तुमच्या हातात नाही, बाकीचं बरंचसं आहे.

आधी घरात बोलून घ्या

दुसऱ्या फेरीत विषयाचे प्रश्न कमी आणि व्यवहाराचे जास्त असतात. पगार किती अपेक्षित आहे? कधीपासून रुजू व्हाल? पुण्यात राहायची सोय आहे का? मुलींना अजूनही आडून आडून लग्नाचं विचारतात. यांची उत्तरं घरात ठरलेली नसली की उमेदवार खुर्चीत बसून पहिल्यांदा विचार करू लागतो आणि तिथेच जीभ अडखळते.

आज रात्री जेवणं झाल्यावर आई-वडिलांना घेऊन बसा. एका कागदावर चार गोष्टी लिहा : राहायचं कुठे, रुजू कधी व्हायचं, कमीत कमी किती पगारावर परवडेल, आणि नोकरी नाहीच मिळाली तर पुढे काय. शेवटचा प्रश्न घरात उच्चारायला कुणी धजत नाही, अपशकुन वाटतो. पण नकाराच्या पलीकडे काय आहे हे ठरलं की नकाराची भीती निम्म्यावर येते. ‘नाही झालं तर दुसरीकडे अर्ज कर, आम्ही आहोत’ हे वडिलांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य कोणत्याही गोळीपेक्षा गुणकारी आहे.

सराव तोंडानं करा

मनातल्या मनात उत्तरं घोळवल्यानं भीती वाढते. मोठ्यानं बोलल्यानं ती कमी होते. ओळखीचे एखादे सर, काका आणि शेजारच्या ताई अशा तिघांना समोर बसवा. चेहरे गंभीर ठेवायला सांगा. नीट कपडे घालून, दारातून आत येऊन, नमस्कार करून, खुर्चीत बसून बोला. आठवड्यात तीन-चारदा एवढं केलं तरी शरीराला तो प्रसंग ओळखीचा होतो. उत्तरं पाठ करू नका. पाठ केलेलं वाक्य मध्येच सुटलं की पुढचं सगळं सुटतं. मुद्दे लक्षात ठेवा, वाक्यं तिथल्या तिथे होऊ द्या.

आवाज कापतो तो पहिल्या अर्ध्या मिनिटात. म्हणून पहिली दोन-तीन वाक्यं मात्र पक्की हवीत. ‘स्वतःविषयी सांगा’ किंवा ‘तुमचं गाव कोणतं’ यानंच सुरुवात होते. परंडा कुठे आलं असं विचारलं तर ओशाळू नका. धाराशिव जिल्ह्यात, बार्शी-कुर्डुवाडीच्या जवळ, भुईकोट किल्ल्याचं गाव. विजापूरची मुलूखमैदान तोफ आमच्याच किल्ल्यातून १६३२ मध्ये तिकडे नेली, हे सांगा. ज्या गोष्टीची आपल्याला खात्री असते ती सांगताना श्वास लागत नाही आणि तोवर आवाज ताळ्यावर येतो. इंग्रजीची धास्ती असेल तर सावकाश बोला, लहान वाक्यं करा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही.

श्वासाचा उपाय

आत्ता वाचता वाचताच करून बघा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी लागली की नाकानं सावकाश श्वास घ्या. ठोके किंचित जवळ जवळ येतील. आता त्याहून सावकाश श्वास सोडा. ठोके दूर दूर जातील. तरुण वयात हा फरक बोटांना चांगला जाणवतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला आवरते, त्याचा हा परिणाम. म्हणजे हृदयाचा वेग थेट आपल्या हातात नसला तरी श्वासातून त्याच्यापर्यंत पोचता येतं.

कृती सोपी आहे. मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. रोज सकाळी आणि झोपताना करा, म्हणजे त्या दिवशी आपोआप जमेल. एक चूक टाळा. घाबरलेल्या माणसाला ‘जोरात श्वास घे’ म्हणतात आणि तो भराभर मोठे श्वास घेऊ लागतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस आणखी घाबरतो. भर श्वास सोडण्यावर हवा.

आणखी दोन साधे उपाय अभ्यासांत उपयोगी ठरले आहेत. परीक्षेच्या अगोदर दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवलेल्या विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळाले, असं अमेरिकेतल्या २०११ मधल्या संशोधनात दिसलं. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तुम्हीही लिहा. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. दुसरा उपाय २०१४ मधल्या संशोधनातला. भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांचं भाषण सरस झालं. छाती धडधडत असताना शांत असल्याचं सांगितलं तर मनाला पटत नाही. उत्साहातही छाती धडधडते, म्हणून ते पटतं.

झोप, खाणं, चहा

सलग आठ-दहा दिवस दोन वाजेपर्यंत जागणं मात्र थांबवलं पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी अंथरुणावर जा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत पडू नका. उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत जा. घड्याळ बघू नका. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच पाचेक तास लागतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप कमीच लागेल. तेवढ्यानं बिघडत नाही. त्याआधीच्या रात्री नीट झालेल्या असल्या की शरीर एक रात्र भागवून नेतं.

प्रवासाचं नियोजन करा. रात्रीच्या गाडीनं किंवा एसटीनं डुलक्या घेत पुणं गाठायचं आणि तसंच मुलाखतीला जायचं, हे शक्यतो टाळा. आदल्या दिवशी दिवसाउजेडी निघून नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या मुलींकडे मुक्काम करा. जमलं तर संध्याकाळी मुलाखतीची जागा पाहून या. फाटक कुठे, रिक्षा कुठे मिळते, किती वेळ लागतो हे कळलं की सकाळची निम्मी घाई मिटते.

सकाळी उपाशी जाऊ नका. अ‍ॅड्रिनॅलिन आणि रिकामं पोट एकत्र आलं की हात थरथरतात, घेरी येते. पोह्यांची लहान बशी, दहीभात, भाकरी-भाजी, एखादं केळं, जे रोज खाता आणि पचतं तेच दीड-दोन तास आधी खा. स्टँडवरची भजी आणि झणझणीत मिसळ परतीच्या वाटेवर. आपल्या भागात मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्राचे उपवास कडक पाळतात. मुलाखत अशा दिवशी आली तर दूध, फळं, राजगिऱ्याचे लाडू पोटभर खा. लघवीच्या भीतीनं पाणी तोडू नका. घोट घोट पीत राहा. वाट बघताना चहावर चहा नको. तंबाखू, मावा, सिगारेटनं शांत वाटतं असं मुलं सांगतात, पण निकोटिननं ठोके आणि रक्तदाब वाढतोच.

पाळीची तारीख जवळ असेल तर ती पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. पोट दुखत असेल तर नेहमी सोसणारी वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेता येते. आधी न घेतलेलं कोणतंही औषध त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा पेंग येते.

गोळी का नको

मैत्रिणीनं सुचवलेली गोळी बहुधा प्रोप्रानोलॉल असावी. ती ठोके आणि थरथर कमी करते हे खरं. पण दमा असलेल्याला तिनं श्वासनलिका आवळल्या जाऊन जीवावर बेतू शकतं. रक्तदाब मुळात कमी असणाऱ्याला चक्कर येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड ती लपवते. काही रुग्णांना आम्ही ती देतो, पण छाती तपासून, रक्तदाब पाहून, दम्याची चौकशी करून. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ती घ्यायची नसते.

दुसरी गोळी झोपेची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रात्री घेतली तर सकाळी डोकं जड राहतं, आठवण मंदावते आणि नेमकं मुलाखतीत नाव-आकडे सुचत नाहीत. पुढे तिची सवय लागते ती वेगळीच.

दवाखान्यात कधी यावं

मुलाखतीचा विचार नसतानाही धडधड होते, जिना चढताना दम लागतो, थकवा जात नाही, केस गळतात, वजन उतरतंय, असं असेल तर कारण भीतीपलीकडचं असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर हृदय मुळातच जोरात चालतं आणि त्यावर मुलाखतीची भर पडते. थायरॉइड वाढला तरी धडधड होते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन साध्या तपासण्या आहेत. तुमच्या लक्षणांत त्या मी नक्की करायला सांगेन.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अचानक आता मरतो की काय असं वाटायला लावणारे घबराटीचे झटके पुन्हा पुन्हा येणं, किंवा दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि जेवण हरवणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका. परंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ‘जगून काय उपयोग’ असे विचार येऊ लागले तर त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. सरकारची ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येतं.

घरच्यांसाठी

मुलगी पुण्याला पोचली का, एवढा एक फोन पुरे. दर अर्ध्या तासाला ‘झाली का?’ विचारू नका. निकालाआधी पाहुण्यांत बातमी पसरवू नका. ‘आपलं सगळं आता तुझ्यावरच आहे’ हे वाक्य प्रेमानं म्हटलं तरी निघणाऱ्या लेकरावर ओझं टाकतं. ती बाहेर आली की आधी जेवलीस का ते विचारा. मुलाखत कशी झाली ते ती स्वतःच सांगेल.

आणि तुम्हाला शेवटचं. मुलाखत संपल्यावर तास-दोन तास अंग गळून जाईल, डोकं दुखेल, कदाचित रडूही येईल. चढलेलं अ‍ॅड्रिनॅलिन उतरताना असं होतं. तेव्हा आपण काय चुकीचं बोललो याची उजळणी करायची नाही. थकलेल्या मेंदूला सगळंच चुकलेलं दिसतं. पोटभर जेवा, रात्रभर झोपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. जागा मिळाली तर ती वही एखाद्या धाकट्या मैत्रिणीला द्या. नाही मिळाली तर पुढच्या मुलाखतीची तयारी त्याच वहीतून सुरू करा.